सोलापुरी पुस्तकाचे ई-बुक : कोड स्वच्छ आणि मोजका ठेवण्याची पद्धत

सोलापुरातल्या पुस्तकांत मराठी एकटी क्वचितच असते. पूर्व भागातील एखाद्या विणकर कुटुंबाच्या आठवणी लिहायला घेतल्या, तर त्यांत आजीचे बोलणे तेलुगूत येते. ग्रामदैवत सिद्धेश्वरांविषयी लिहायचे झाले, तर बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामांचे एखादे वचन मूळ कन्नडमध्ये द्यावेसे वाटते. आणि बेगम पेठेतल्या शेजाऱ्यांची आठवण निघाली, की एखादी उर्दू ओळही पानावर येऊन बसते. छापील पुस्तकात हे सारे डीटीपी करणाऱ्याच्या हाती असते, कारण पान एकदा जुळले की ते बदलत नाही. ई-बुकात मात्र पान अस्तित्वातच नसते. वाचक अक्षर मोठे करतो, रात्रीची काळी पार्श्वभूमी निवडतो, स्वतःच्या आवडीचा फॉन्ट लावतो, आणि मजकूर दर वेळी नव्याने जुळवला जातो. ही जुळवाजुळव बिनचूक व्हावी यासाठी आपल्या हाती एकच गोष्ट असते आणि ती म्हणजे मजकुरामागचा कोड. तो जितका साधा असेल, तितकी देवनागरी तुटण्याची ठिकाणे कमी होतात.

हा लेख पुस्तकाची छापील मांडणी जाणणाऱ्या, पण ई-बुकाचे काम प्रथमच हाती घेणाऱ्या व्यक्तीसाठी लिहिला आहे. टॅग म्हणजे मजकुराचा एखादा तुकडा काय आहे हे सांगणारी कोडमधली खूण. टॅगांची आणि आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती लहान रोमन अक्षरांत लिहावी लागतात. उदाहरणे घेतली आहेत ती गेल्या वर्षी माझ्या टेबलावर आलेल्या एका पुस्तकातून. पूर्व भागात वाढलेल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या त्या आठवणी आहेत. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो, म्हणून येथेही तसेच म्हणतो.

ईपब फाइलच्या आत काय असते

ईपब हे ई-बुकाच्या फाइलचे प्रचलित स्वरूप आहे. ईपब फाइल म्हणजे वेगळे आडनाव लावलेली झिप फाइल असते. तिच्या आत प्रकरणांच्या एक्सएचटीएमएल फाइली (म्हणजे टॅग लावलेला मजकूर), मजकुराचे रूप सांगणारी सीएसएस स्टाइलशीट, चित्रे, अनुक्रमणिकेची फाइल आणि या सगळ्यांची यादी ठेवणारी ओपीएफ फाइल असते. माइमटाइप नावाची एक चिमुकली फाइल झिपमध्ये सर्वांत पहिली आणि न आकुंचवता ठेवावी लागते. म्हणूनच ईपब उघडून पुन्हा साध्या झिप साधनाने बांधू नये. ते काम सिजिल किंवा कॅलिबर यांच्या संपादकाकडे सोपवावे. दोन्ही साधने विनामूल्य आहेत. ईपबच्या तिसऱ्या आवृत्तीचे प्रमाण २०११ मध्ये आले आणि त्यातील ३.३ ही आवृत्ती २०२३ मध्ये वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची शिफारस म्हणून मान्य झाली. नव्याने काम सुरू करणाऱ्याने थेट तिसऱ्या आवृत्तीतच काम करावे.

सुरुवात मूळ मजकुरापासून, पीडीएफपासून नव्हे

अनेक लेखक छपाईसाठी तयार झालेली पीडीएफ पाठवतात आणि “यावरून ई-बुक करा” असे सांगतात. शक्य असेल तेथे त्यांना नम्रपणे नकार द्यावा आणि मूळ मजकूर मागावा. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात प्रत्येक ओळ वेगळी तुटलेली असते, ओळीच्या टोकाला शब्द तोडताना घातलेली जोडरेघ शब्दाच्या मध्येच राहते, आणि पानांचे क्रमांक परिच्छेदांत मिसळतात. देवनागरीत याहून मोठे नुकसान होते, कारण ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरे यांचा क्रम पीडीएफमधून उचलताना अनेकदा उलटसुलट होतो.

मूळ मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत टंकित केलेला असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. या जुन्या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट काढला की मागे निरर्थक रोमन अक्षरे उरतात. रूपांतर करणारी साधने बहुतांश मजकूर बरोबर बदलतात, पण काही ठिकाणी वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते किंवा निराधार उरते. निराधार मात्रेच्या जागी पडद्यावर ठिपक्यांचे एक लहान वर्तुळ दिसते. असे वर्तुळ दिसले की तो शब्द तेथल्या तेथे दुरुस्त करावा. एकदा मजकूर टॅगांत गुंतला की तीच दुरुस्ती दुप्पट वेळ घेते.

मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तिला हात लावू नये. पुढचे सर्व काम दुसऱ्या प्रतीवर करावे.

वर्ड किंवा रायटरमध्येच निम्मी सफाई

कोडमधली घाण बहुधा कोडमध्ये जन्मत नाही. ती वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये जन्मते. लेखकाने शीर्षक निवडले, आकार वाढवला, ठळक केले, मध्यभागी आणले, आणि पुढच्या प्रकरणाच्या शीर्षकाला हेच सारे पुन्हा हाताने केले. डोळ्यांना दोन्ही शीर्षके सारखी दिसतात. संगणकाला मात्र तेथे शीर्षक दिसतच नाही. त्याला मोठ्या, ठळक अक्षरांतला एक परिच्छेद दिसतो. म्हणून सर्वांत आधी प्रकरणाच्या शीर्षकांना “हेडिंग १”, उपशीर्षकांना “हेडिंग २”, उद्धृतांना उद्धृताची शैली आणि उरलेल्या सर्व मजकुराला मुख्य मजकुराची शैली लावावी.

त्यानंतर हाताने केलेली सजावट काढून टाकावी. रायटरमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि एम दाबले की ती निघते. वर्डमध्ये अक्षरांची सजावट कंट्रोल आणि स्पेसबारने, तर परिच्छेदाची सजावट कंट्रोल आणि क्यूने निघते. पण येथे थोडे थांबावे. या एका आज्ञेने लेखकाने मुद्दाम ठळक किंवा तिरपे केलेले शब्दही साधे होऊ शकतात. म्हणून आधी पुस्तक चाळून असे शब्द शोधावेत, त्यांची नोंद ठेवावी, शंका आली तर लेखकाला विचारावे आणि सजावट निघाल्यावर त्यांना अक्षरशैली लावावी. मी बाईंना फोन करून विचारले, “बाई, बाराव्या पानावर ‘माग’ हा शब्द ठळक आहे, तो मुद्दाम केलाय का?” त्या म्हणाल्या, “नाही रे, ते कधी झालं मलाच माहीत नाही. पण आजीचे शब्द मात्र मी मुद्दाम तिरपे केलेत, ते तसेच ठेव.” या एका फोनने ठरले की ठळक अक्षरे सगळी काढायची आणि तेलुगू शब्द वेगळे ओळखता येतील अशी खूण करायची. ही चौकशी मशीन करू शकत नाही, म्हणून ती आधी करावी.

याच टप्प्यावर रिकामे परिच्छेद, ओळीच्या सुरुवातीला जागा सोडण्यासाठी दाबलेले टॅब आणि पाचसहा स्पेस शोधून काढून टाकावेत. पान बदलण्यासाठी एंटर दाबत गेलेले लेखक पुष्कळ असतात. छापील पानावर ते चालून जाते, पण फोनवर त्याचे रूपांतर एका कोऱ्या पडद्यात होते आणि वाचकाला पुस्तक संपल्यासारखे वाटते.

मराठीच्या स्वतःच्या तीन अडचणी

हा भाग इंग्रजी पुस्तकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात सापडत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली अडचण अर्ध्या र ची आहे. “दऱ्या” आणि “दर्या” हे दोन वेगळे शब्द आहेत, “आचाऱ्यांना” आणि “आचार्यांना” यांत तर स्वयंपाकघर आणि विद्यापीठ यांच्याइतके अंतर आहे. हा आडवा अर्धा र दोन प्रकारांनी टंकित होतो. पहिल्या प्रकारात खाली टिंब असलेला ऱ, त्यापुढे हलंत आणि मग य किंवा ह असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलंत, त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य किंवा ह असतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. मी अगदी सुरुवातीच्या काळात एका पुस्तकाची सफाई करताना “अदृश्य चिन्हे नकोत” असे ठरवून ती सगळी एका फटक्यात पुसली, आणि लग्नाच्या पंगतीच्या वर्णनातले सगळे आचारी आचार्य झाले. मुद्रितशोधनात ते दिसले म्हणून वाचलो. तेव्हापासून मी कोणतीही सफाई करण्याआधी साधा र, हलंत आणि जोडचिन्ह हा क्रम शोधून त्या जागी टिंबाचा ऱ आणि हलंत घालतो. युनिकोडमध्ये साधा र ०९३० या क्रमांकावर, टिंबाचा ऱ ०९३१ वर, हलंत ०९४डी वर आणि जोडचिन्ह २००डी वर आहे. सिजिलच्या शोधपेटीत रेजेक्स, म्हणजे नमुना देऊन शोधण्याची, पद्धत निवडून हे क्रमांक देता येतात. मात्र हा बदल केल्यानंतरही उरलेली जोडचिन्हे सरसकट पुसू नयेत, कारण कन्नडमध्ये र पूर्ण रूपात दाखवण्यासाठी तेच चिन्ह लागते आणि तेलुगूत परकीय शब्द लिहिताना त्याचे भावंड असलेले विलग करणारे अदृश्य चिन्ह लागते.

दुसरी अडचण विसर्गाची. कीबोर्डवर विसर्ग सापडला नाही, की टंकलेखक अपूर्णविराम दाबतो. “दुःख”, “अंतःकरण”, “निःशब्द” या शब्दांत तो शब्दाच्या मध्ये असल्यामुळे शोधून बदलणे सोपे असते, कारण खरा अपूर्णविराम दोन मराठी अक्षरांच्या मध्ये मोकळ्या जागेशिवाय सहसा येत नाही. पण “स्वतः” आणि “विशेषतः” यांत तो शब्दाच्या शेवटी येतो आणि “ती म्हणाली:” यामधल्या खऱ्या अपूर्णविरामाशी त्याची गल्लत होते. तेथे “सर्व बदला” ही आज्ञा कधीही वापरू नये. एकेक जागा डोळ्यांनी पाहून पुढे जावे.

तिसरी अडचण लहान आहे. “ॲ” हे अक्षर एकच चिन्ह म्हणूनही टंकित होते आणि अ वर चंद्र देऊनही होते. वाचकाने “ॲम्बेसेडर” शोधले आणि पुस्तकात दुसऱ्या प्रकारचे असेल, तर शोध निष्फळ जाऊ शकतो. एकच प्रकार ठरवावा आणि संपूर्ण पुस्तकात तोच ठेवावा.

या तिन्ही गोष्टी तपासण्यासाठी सिजिलच्या अहवालांमध्ये पुस्तकात वापरलेल्या सर्व अक्षरांची यादी मिळते. ती यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी. मराठी पुस्तकात जी चिन्हे येण्याचे काहीच कारण नाही, ती तेथे लगेच डोळ्यांत भरतात.

रूपांतर आणि त्यानंतरचा पहिला दृष्टिक्षेप

स्वच्छ झालेली वर्डची डॉकएक्स किंवा रायटरची ओडीटी फाइल ईपबमध्ये बदलण्याचे मार्ग अनेक आहेत. कॅलिबरने बदलली, तर काम चटकन होते, पण स्टाइलशीटमध्ये “कॅलिबर १”, “कॅलिबर २” अशा नावांचे क्लास, म्हणजे टॅगला रूप जोडणारी नावे, तयार होतात आणि त्यांचा अर्थ नंतर कोणालाही लागत नाही. आज्ञा टंकित करून काम करण्याची सवय असेल, तर पॅनडॉक हे साधन अधिक साधा कोड देते. मी बहुधा पॅनडॉकने रूपांतर करतो आणि पुढचे काम सिजिलमध्ये करतो.

बाईंच्या पुस्तकाची पहिली प्रत मात्र दुसऱ्या कोणीतरी थेट बदलून आणली होती. त्यातील एक वाक्य साधे होते : “आम्ही गड्ड्याची जत्रा पाहायला निघालो.” कोड उघडल्यावर या पाच शब्दांभोवती सात स्पॅन टॅग, म्हणजे ओळीतला एखादा तुकडा वेगळा काढणारे टॅग, होते. “आम्ही” एका स्पॅनमध्ये, त्यापुढची मोकळी जागा दुसऱ्या स्पॅनमध्ये, आणि “गड्ड्याची” हा शब्द चक्क दोन स्पॅनमध्ये तुटलेला. पहिल्यात “गड्” आणि दुसऱ्यात “ड्याची”. सातही स्पॅनवर फॉन्टचे नाव, बारा पॉइंटचा आकार आणि काळा रंग हेच लिहिलेले होते. म्हणजे सात वेळा सांगितलेली गोष्ट एकच होती, आणि तीही सांगण्याची गरज नव्हती. लेखिकेने केव्हातरी त्या शब्दात एक अक्षर दुरुस्त केले असावे, आणि वर्डने ती दुरुस्ती स्वतंत्र तुकडा म्हणून लक्षात ठेवली असावी. काही वाचनसाधने टॅगच्या सीमेवर अक्षरांची जोडणी थांबवतात, त्यामुळे अशा ठिकाणी ड ला ड जोडला न जाता हलंताचा पाय मोडलेला दिसतो. सफाईनंतर हे वाक्य एका पी टॅगमध्ये, कोणत्याही स्पॅनशिवाय, जसेच्या तसे उरले.

अशा निरुपयोगी स्पॅनना काढण्यासाठी सिजिलला टॅगमेकॅनिक हे प्लगइन जोडता येते. त्याला “या क्लासचा स्पॅन काढ, पण आतला मजकूर ठेव” असे सांगता येते. रेजेक्सनेही हे जमते, परंतु एका स्पॅनच्या पोटात दुसरा स्पॅन असेल, तर रेजेक्स चुकीचा बंद टॅग पकडतो आणि फाइल बिघडते. नवख्या व्यक्तीने प्लगइनच वापरावे. प्रत्येक मोठ्या बदलाआधी सिजिलमधील चेकपॉइंट साठवावा आणि बदलानंतर किती जागा बदलल्या तो आकडा वाचावा. चाळीस जागा अपेक्षित असताना चार हजार बदलल्या, तर तेथेच मागे फिरावे.

किती टॅग पुरतात

आठवणी, कथा, कादंबरी किंवा ललित लेख यांसाठी मला आजवर पंधराहून अधिक प्रकारचे टॅग लागलेले नाहीत. प्रकरणाच्या शीर्षकाला एच वन, उपशीर्षकाला एच टू, परिच्छेदाला पी, उद्धृताला ब्लॉकक्वोट, जोर दिलेल्या शब्दाला ईएम, फार महत्त्वाच्या शब्दाला स्ट्राँग, प्रसंग बदलताना एचआर, चित्राला आयएमजी, दुव्याला ए, आणि कवितेच्या ओळी तोडण्यासाठी बीआर. परभाषेतल्या शब्दाला स्पॅन लागतो, त्याविषयी पुढे लिहिले आहे. प्रत्येक टॅग निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा मजकूर काय आहे? तो कसा दिसतो, हा प्रश्न स्टाइलशीटचा आहे.

प्रसंगबदलासाठी तीन चांदण्या टंकित करण्याची किंवा दोन ओळी कोऱ्या सोडण्याची पद्धत सोडून द्यावी. एचआर टॅग मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनालाही कळतो; चांदण्या मात्र काही साधने “तारा, तारा, तारा” असे वाचत बसतात. दृष्टिहीन वाचकासाठी पुस्तक ऐकणे हेच वाचणे असते, ही गोष्ट कोड लिहिताना सतत डोळ्यांसमोर असावी.

प्रत्येक प्रकरण स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावे. असे केल्यास प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर सुरू होते आणि पान तोडण्याची वेगळी आज्ञा लिहावी लागत नाही. फाइलींची नावे लहान रोमन अक्षरांत, मोकळ्या जागेशिवाय आणि क्रमांकासह ठेवावीत.

स्टाइलशीट एका पडद्यात मावावी

सीएसएसची माझी स्वतःची कसोटी अशी आहे, की पूर्ण स्टाइलशीट पडदा न सरकवता दिसली पाहिजे. मुख्य मजकुरासाठी दोनच नियम पुरतात. पहिल्यात पी या टॅगला वर आणि खाली शून्य मोकळी जागा द्यावी. दुसऱ्यात पी, अधिक चिन्ह आणि पुन्हा पी असे लिहून पहिली ओळ दीड एम आत घ्यावी. या दुसऱ्या नियमाचा अर्थ असा, की ज्या परिच्छेदाच्या लगेच आधी परिच्छेदच आहे, त्याचीच पहिली ओळ आत जाईल. त्यामुळे शीर्षकानंतरचा आणि एचआरनंतरचा परिच्छेद आपोआप कडेला लागून सुरू होतो, आणि “पहिला परिच्छेद” असा वेगळा क्लास प्रकरणागणिक लावत बसावे लागत नाही. एम हे माप चालू अक्षराच्या आकाराएवढे असते, म्हणून वाचकाने अक्षर मोठे केले की मोकळी जागाही त्याच प्रमाणात वाढते. पॉइंट आणि पिक्सेल ही मापे छपाईच्या सवयीने हाताशी येतात. ती ई-बुकात टाळावीत.

काय लिहू नये, हे त्याहून महत्त्वाचे आहे. मुख्य मजकुराला फॉन्टचा आकार देऊ नये, कारण तो वाचकाचा अधिकार आहे. काळा रंग लिहू नये, कारण रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर काळीच अक्षरे उमटून पुस्तक अदृश्य होते. हा दोष वर्डमधून आलेल्या जवळपास प्रत्येक फाइलमध्ये सापडतो. अक्षरांतील अंतर वाढवणारी लेटर-स्पेसिंगची आज्ञा देवनागरीला अजिबात लावू नये, कारण तिने शिरोरेघ तुकड्यातुकड्यांत मोडते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. प्रकरणाचे पहिले अक्षर मोठे करण्याची हौस देखील आवरावी, कारण काही वाचनसाधने “सि” मधली वेलांटी आणि स यांची फारकत करतात. ओळींमधील अंतर शक्यतो लिहूच नये. एखाद्या फॉन्टात खालच्या ओळीच्या मात्रा वरच्या ओळीच्या उकारांना भिडत असतील, तर एककाशिवाय दीड एवढाच आकडा लिहावा.

तिरप्या अक्षरांविषयी माझे मत ठाम आहे. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांना स्वतःचे तिरपे रूप नसते, त्यामुळे साधन सरळ अक्षरेच ओढून वाकडी करते. म्हणून मी ईएम हा टॅग ठेवतो, कारण अर्थ तोच आहे, पण स्टाइलशीटमध्ये त्याचे तिरपेपण काढून त्याला ठळक करतो. एका नियमाने पुस्तकभरचा प्रश्न सुटतो, आणि उद्या कोणाला पुन्हा तिरपे हवे असेल, तर एकच ओळ बदलावी लागते.

वापरात नसलेले नियम शोधून काढण्याची सोय सिजिल आणि कॅलिबर या दोन्ही संपादकांत आहे. सफाई संपल्यावर ती एकदा चालवावी.

मराठीत कन्नड, तेलुगू आणि उर्दू

पुस्तकाची भाषा दोन ठिकाणी सांगावी लागते. ओपीएफ फाइलमध्ये भाषेच्या जागी मराठीचा संकेत, म्हणजे एम आणि आर ही दोन रोमन अक्षरे लिहावीत, आणि प्रत्येक प्रकरणाच्या एचटीएमएल टॅगवर लँग आणि एक्सएमएल:लँग (मध्ये अपूर्णविराम) या दोन्ही गुणधर्मांत तोच संकेत द्यावा. अनेक फाइलींमध्ये तेथे इंग्रजीचा संकेत पडून राहिलेला असतो आणि मग वाचून दाखवणारा आवाज मराठी वाक्य इंग्रजी समजून अडखळतो. संकेत बरोबर असेल आणि फॉन्टात तशी सोय असेल, तर ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाची उमटतात, हा आणखी एक लाभ आहे.

बाईंच्या आजीचे तेलुगू शब्द आम्ही तेलुगू लिपीतच ठेवले आणि प्रत्येकाभोवती एक स्पॅन घालून त्याला टी आणि ई हा भाषासंकेत दिला. स्पॅनचा खरा उपयोग असा आहे. तो येथे माहिती देतो. कन्नडला के आणि एन, उर्दूला यू आणि आर हे संकेत आहेत. उर्दू ओळ तिच्या मूळ लिपीत असेल, तर तिला उजवीकडून डावीकडे जाण्याची दिशा सांगणारा डीआयआर हा गुणधर्मही द्यावा लागतो, नाहीतर विरामचिन्हे चुकीच्या टोकाला जातात. भाषेच्या संकेतावरूनच स्टाइलशीटमध्ये नियम लिहिता येतो, त्यामुळे आजीच्या शब्दांसाठी वेगळा क्लास करण्याचीही गरज पडली नाही.

सिद्धरामांच्या वचनासाठी एक ब्लॉकक्वोट घेतला, त्यावर कन्नडचा संकेत दिला, आत एकच पी टॅग ठेवला आणि ओळींच्या शेवटी बीआर घातले. फोनच्या अरुंद पडद्यावर वचनाची लांब ओळ मोडून दुसऱ्या ओळीत जाते, तेव्हा ती नवी ओळ सुरू झाल्यासारखी भासते. ते टाळायचे असेल, तर प्रत्येक ओळ स्वतंत्र पी टॅगमध्ये घालावी, डावीकडे दीड एम जागा सोडावी आणि पहिली ओळ तेवढीच बाहेर काढावी. कवितासंग्रहासाठी हा दुसरा मार्गच योग्य. एखाददुसऱ्या वचनासाठी पहिला पुरतो. वचनाखालचा मराठी अनुवाद ब्लॉकक्वोटच्या बाहेर साध्या परिच्छेदात ठेवावा.

फॉन्ट आत घालावा का

शुद्ध मराठी पुस्तकात मी फॉन्ट घालत नाही. आजच्या फोनवर आणि वाचनसाधनांवर देवनागरी फॉन्ट असतो, आणि वाचकाला सवयीचे वळण सोडायला लावण्यात अर्थ नाही. मात्र कन्नड आणि तेलुगू ओळी असल्या, की जुन्या साधनांवर अक्षरांऐवजी चौकोन दिसण्याचा धोका राहतो, म्हणून बाईंच्या पुस्तकात नोटो मालिकेतील कन्नड आणि तेलुगू फॉन्ट घातले. ते खुल्या परवान्याखाली मिळतात. छपाईसाठी विकत घेतलेल्या फॉन्टाचा परवाना ई-बुकात तो घालण्याची मुभा देतोच असे नाही. परवाना वाचल्याशिवाय फॉन्ट घालू नये. आकार कमी करण्यासाठी फॉन्टातली न वापरलेली अक्षरे छाटणारी साधने असतात, पण ती जोडाक्षरांचे आकार ओळखत नसतील, तर नेमकी तीच छाटतात. फॉन्ट अख्खाच ठेवावा.

अनुक्रमणिका, चित्रे आणि टिपा

शीर्षके नीट असतील, तर अनुक्रमणिका सिजिल स्वतः तयार करतो. ती हाताने लिहू नये. चित्राची रुंदी कमाल शंभर टक्के ठेवावी आणि चित्रात काय आहे ते एका वाक्यात पर्यायी मजकूर म्हणून लिहावे. हातमागाच्या छायाचित्राखाली “चित्र ४” एवढेच लिहिल्याने ऐकणाऱ्याला काही कळत नाही. “अंगणातील खड्डामागावर बसलेली आजी, हातात धोटा” असे लिहिले की कळते. तळटिपा प्रकरणाच्या शेवटी ठेवून त्यांना जाण्याचा आणि परत येण्याचा, असे दोन्ही दुवे द्यावेत.

तपासणी

तयार फाइल ईपबचेक या साधनातून काढावी. ते ओळ क्रमांकासह चुका सांगते. पहिलीच यादी लांबलचक आली, तर घाबरून जाऊ नये. एक न मिटलेला टॅग त्यापुढच्या अनेक चुकांचा जनक असतो, म्हणून वरची पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा तपासावे. ईपबचेकला व्याकरण कळते, अर्थ कळत नाही. आचारी आचार्य झाला, हे ते कधीच सांगणार नाही.

म्हणून त्यानंतर फाइल प्रत्यक्ष साधनांवर उघडावी. एक साधा फोन, एक जुना टॅबलेट आणि शक्य असल्यास एक किंडल पुरतात. किंडलवर पाठवण्याची सोय २०२२ पासून ईपब स्वीकारते. प्रत्येक साधनावर अक्षर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे करून पाहावे, काळी पार्श्वभूमी लावून पाहावी, फॉन्ट बदलून पाहावा आणि फोनवरची वाचून दाखवण्याची सोय चालू करून निदान एक प्रकरण डोळे मिटून ऐकावे. जोडाक्षरांनी गच्च भरलेला एक परिच्छेद, परभाषेतला एक उतारा आणि एक चित्र अशी तीन ठिकाणे आधीच निवडून ठेवली, म्हणजे प्रत्येक साधनावर तीच पाहता येतात.

शेवटची प्रत लेखकाच्या स्वतःच्या फोनवर पाठवावी. बाईंनी ती सर्वांत मोठ्या अक्षरांत उघडली, कारण त्यांना चष्म्याशिवाय वाचायचे होते, आणि एका पडद्यावर जेमतेम सहा ओळी मावत असताना आजीचे तेलुगू शब्द आणि “गड्ड्याची जत्रा” कोठेही न तुटता दिसली. त्यांनी दोन शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या. त्या मूळ मजकुराच्या प्रतीत आणि ईपबमध्ये अशा दोन्ही ठिकाणी दुरुस्त करून, फाइलच्या नावात तारीख घालून मी प्रत बंद केली आणि ती स्टाइलशीट पुढच्या पुस्तकासाठी वेगळी काढून ठेवली.